नवं सॉकेट, जुने कान

सॉकेट आलं तेच मुळी मखमलीच्या डबीत. अंगठी असती तर समजलं असतं, पण हे भिंतीत बसवायचं सॉकेट. त्यात एकदा पिन खुपसायची आणि जन्मभर विसरून जायचं. कानमास्तरांनी ते तळहातावर घेऊन वरखाली केलं आणि कामाच्या टेबलावरून वायरमनपुढे सरकवलं.

"बघ. हातात घेतल्यावरच कळतं."

"कळतं ना," वायरमन म्हणाला. "आलं ठेचायला बरं पडेल."

वायरमन आणि कानमास्तर एका बाकावर शिकलेले, त्यामुळे त्याला असं बोलायचा परवाना होता. कानमास्तर मात्र ह्या नावाने आसपास ओळखले जायचे ते आदराने. तीस वर्षं ते घराखालच्या कारखान्यात स्पीकर बनवत होते. लाकूड स्वतः निवडायचं, गोल करवतीवर स्वतः कापायचं, पेटी स्वतः जोडायची आणि शेवटी खुर्चीत बसून, डोळे मिटून, नुसत्या कानाने तिचा आवाज लावायचा. मोजणारी यंत्रं त्यांनी कधी दाराच्या आत घेतली नाहीत. गिऱ्हाईक काय यंत्राने ऐकतं का, असं ते विचारायचे, आणि ह्यावर कोणाकडे उत्तर नसायचं.

उत्तर नसायचं कारण भिंतीवर कागद होता. कामाच्या टेबलावर, बरोबर नजरेच्या उंचीला, काचेच्या चौकटीत त्यांच्या कानांचा आलेख लावलेला होता. त्यांची बायको एका कानाच्या डॉक्टरांकडे सव्वीस वर्षं ऐकण्याची तपासणी करत होती. दर वाढदिवसाला, जेवणाच्या सुट्टीत, ती नवऱ्याला तिथल्या गादी लावलेल्या केबिनमध्ये बसवायची, डोक्यावर हेडफोन चढवायची, हातात बटण द्यायची. बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. बाहेर तिच्या पुढ्यात दिवा लागायचा आणि ती कागदावर खूण करायची; उजव्या कानाला गोल, डाव्याला फुली. खुणा जोडल्या की ओळ तयार. ओळ सरळ गेली तर कान ठणठणीत, आणि कागदाच्या उजव्या अंगाला खाली घसरली तर समजावं की वरचे, पातळ आवाज माणसाला सोडून चाललेत. कानमास्तरांची ओळ पट्टीने आखल्यासारखी. साठी जवळ आली तरी कान विशीतले, असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे आणि बोटाने काचेवर टकटक करायचे.

आणि तरीही गेली दोन वर्षं काहीतरी बिनसलं होतं. स्पीकर परत येत होते. "आवाज टोचतो," कोणी म्हणायचं. "झांज वाजली की दात शिवशिवतात," असं एक दाताची डॉक्टर म्हणाली, आणि तिचं म्हणणं उडवून लावणं अवघड होतं. "दिवसभर माझं मशीन किंचाळतं हो," ती म्हणाली, "घरी गेल्यावर तुमचे स्पीकर किंचाळतात. मी जायचं कुठे?"

कानमास्तरांनी लाकूड तपासलं. डिंक तपासला. तारा तपासल्या. मग भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. कानात दोष नाही हे तर लिहूनच दिलेलं होतं. मग दोष उरला कुठे? गिऱ्हाइकांच्या घरात. त्यांच्या विजेत. वीज घाणेरडी येते, सॉकेट रद्दी असतात, स्पीकर बिचारा काय करणार? हा शोध लागल्यावर ते आठवडाभर खुशीत होते. मग त्यांनी सोन्याचा मुलामा दिलेलं, पिनेला मगरीसारखं धरून ठेवणारं हे महागडं सॉकेट शोधून काढलं आणि एकेका गिऱ्हाइकाच्या घरी वायरमनकरवी बसवून दिलं. अकरा घरं झाली. कोणी म्हणालं फरक वाटतो, कोणी म्हणालं वाटतो बहुतेक, आणि दाताची डॉक्टर म्हणाली, "पूर्वी साधा किंचाळायचा, आता सोन्याचा किंचाळतो."

"नाचता येईना अंगण वाकडं," वायरमन म्हणाला. गमतीनेच म्हणाला, पण कानमास्तरांना झोंबलं.

म्हणून त्यांनी बारावं सॉकेट स्वतःच्या कारखान्यासाठी मागवलं होतं. वायरमनने मेन स्विच पाडला, जुनं सॉकेट उचकटलं, नवं बसवलं. कानमास्तरांनी गाणं लावलं, डोळे मिटले आणि अर्ध्या मिनिटात टेबलावर थाप मारली. "ऐकलंस? खरखर गेली! पडदा बाजूला केल्यासारखं वाटतंय."

"खरखर गेली हे खरं," वायरमन म्हणाला. त्याने जुनं सॉकेट त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. आतली पितळी पट्टी सैल पडली होती आणि एका स्क्रूभोवती काळं जळलेलं होतं. "हे बघ कशामुळे होती ती. वीस वर्षं पिन आतबाहेर करतोयस, सैल होणारच. ह्याच्या जागी कोपऱ्यावरच्या दुकानातलं साधं नवं बसवलं असतं ना, तरी खरखर गेली असती. सैल काढून घट्ट बसवलं, एवढंच झालं. अरे, कुठून कुठून मैलोन्मैल साध्या तारेतून येते वीज. शेवटच्या वीतभर जागेत तू तिला अत्तर लावणार?"

"मला फरक ऐकू येतो."

"सैल आणि घट्टमधला मलाही येतो. घट्ट आणि घट्टमधला सांगून दाखव."

"दाखवतो," कानमास्तर म्हणाले. "रविवारी ये. आणि त्या दातवाल्या बाईंनाही बोलवतो. सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

ह्यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

रविवारी सकाळी वायरमन एक फळी घेऊन आला. फळीवर दोन सॉकेट शेजारी शेजारी. एक मखमलीतलं, एक कोपऱ्यावरच्या दुकानातलं, दोन्ही नवी, दोन्ही घट्ट. समोर प्लायवुड उभं केलं. कानमास्तर त्याच्याकडे पाठ करून खुर्चीत बसले. वायरमनने पद्धत सांगितली: तो नाणं उडवणार, नाणं सांगेल त्या सॉकेटात अँप्लिफायरची पिन घालणार, आणि नाणं पुन्हा तेच पडलं तरी पिन काढून परत घालणार, म्हणजे खडखडाटावरून कोणाला अंदाज यायला नको. दहा वेळा. बायकोने वही घेतली. वायरमनच्या बाजूला बसून नाण्याचं आणि नवऱ्याचं, दोन्ही उत्तरं तीच लिहिणार होती. दाताची डॉक्टर चहाचा कप घेऊन दाराशी बसली.

कानमास्तरांनी एकदाही वेळ लावला नाही. "महागडं." "साधं." "साधं." "हे महागडं, डोळे मिटून सांगतो," आणि डोळे तर मिटलेलेच होते. दहा झाल्यावर बायकोने ओळी जुळवल्या.

"पाच बरोबर," ती म्हणाली.

"पाच तर नाण्यालाही आले असते," वायरमन म्हणाला. पण म्हणताना त्याने आवाज जरा खाली घेतला. मित्राची जिरवायला आलेला माणूस, पण जिरलेली पाहवेना त्याला.

कानमास्तरांना ते लागलं, नाही असं नाही. पण माणूस पडला तरी नाक वर. "प्लायवुडमुळे आवाज फिरतोय," ते म्हणाले. "ते बाजूला कर, मी भिंतीकडे तोंड करून बसतो. आणखी दहा."

"कर बाबा आणखी दहा. आधी माझा फोन लावू दे, मरायला टेकलाय," वायरमन म्हणाला आणि त्याने मोकळ्या सॉकेटात चार्जर खुपसला.

गाणं बंद होतं. खोली शांत होती. दाताच्या डॉक्टरने एकदम खांदे वर घेतले. "अहो, ती शिट्टी बंद करा आधी!"

"चार्जर आहे माझा," वायरमन म्हणाला. "स्वस्तातला. बोंबलतो असा." त्याने तो उपटला.

"हां. गेली."

कानमास्तर खुर्चीत वळले. "कसली शिट्टी?"

वायरमनने हातातल्या चार्जरकडे पाहिलं.

"परत लाव," ते म्हणाले.

वायरमनने चार्जर परत लावला.

"लावलास?"

"लावलाय."

कानमास्तरांनी मान पुढे काढली. श्वास धरला. त्यांना बाहेर रस्त्यावरून जाणारी गाडी ऐकू आली, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली तेही ऐकू आलं. "कुठे आहे?"

"ही काय!" दाताची डॉक्टर म्हणाली. "एवढी ढळढळीत?" आणि मग तिला काय झालं ते कळलं आणि तिने कपात तोंड घातलं.

कानमास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती वहीकडे पाहत होती. पेन कागदावर टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं. सव्वीस वर्षं जी बाई रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसांना एकच प्रश्न विचारत होती, "ऐकू येतंय का?", तिने आज तो विचारला नाही. तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. तिला माहीत होतं.

 उठून त्यांनी चौकटीतल्या कागदाकडे पाहिलं. ओळ होती तशीच होती, सरळ, पट्टीने आखल्यासारखी. पट्टीनेच आखली असणार, असं आत्ता पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं.

पाहुणी चहा अर्धा टाकून गेली. वायरमन फळी उचलायला लागला तेव्हा कानमास्तर म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"आईशप्पथ नाही." वायरमनने फळी खाली ठेवली. "पण तुझे नवे स्पीकर टोचतात हे मला दीड वर्षापासून ऐकू येत होतं."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"तुझ्या भिंतीवर कागद होता ना, लेका. मला वाटलं, माझेच कान बिघडलेत."

फळी तिथेच ठेवून तो गेला. खाली कारखान्यात नवराबायको दोघंच उरली. भुशाचा वास होता, आणि चार्जर तसाच सॉकेटात राहिला होता. तो अजून बोंबलत असणार. बायको उठली आणि तिने तो काढला. तिला ऐकू येत होता.

"किती वर्षं?" कानमास्तरांनी विचारलं.

"तीन."

"तीन वर्षं तू खोट्या खुणा केल्यास."

"सगळ्या नाही. पातळ आवाजांच्या चार." ती स्टुलावर बसली. "चार हजार कंपनांपाशी खड्डा पडलाय. करवतीपाशी उभं राहून पडतो तसा. त्यापुढे ओळ उतरत जाते. दिवा लागेना, मी आवाज वाढवत गेले, वाढवत गेले, तरी लागेना. आत तुम्ही बसला होतात डोळे मिटून, बटणावर अंगठा ठेवून, इतके खुशीत! मग बाहेर आलात आणि म्हणालात, पास ना? शाळेतल्या मुलासारखं विचारलंत. मी खुणा वर केल्या. म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी सांगायच्या दोन गोष्टी झाल्या."

कानमास्तर हसले नाहीत. "रोज दहा लोकांना तू तोंडावर सांगतेस, तुमचे कान गेले म्हणून."

"त्यांच्याबरोबर मला संध्याकाळी घरी यायचं नसतं हो."

"त्यांना तू माणसं समजतेस. मला बाळ समजलीस."

ती रडायला लागली. एरवी ती रडली की कानमास्तर अर्धे विरघळायचे. आज ते उभेच राहिले. "स्पीकर परत येत होते. मी अंगणाला नावं ठेवत लोकांच्या भिंती उकरत होतो. अकरा घरं! तू रोज डबा घेऊन खाली यायचीस, बघायचीस, आणि वर जायचीस."

"मला वाटलं, सॉकेटने तुम्हाला बरं वाटतंय तर वाटू दे."

"आणि दवाखान्याच्या रजिस्टरात? तिथेही ओळ सरळ?"

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "तिथे खरं आहे. तिथे खोटं लिहिता येत नाही."

"तिथे येत नाही," कानमास्तर म्हणाले. "घरी येतं."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ते दवाखान्यात गेले आणि रजिस्टर मागितलं. तिने काढून दिलं. तीन वर्षांचे तीन कागद. अक्षर तेच, गोल तेच, फुल्या त्याच, आणि ओळ उजवीकडे जिन्यासारखी उतरत गेलेली, दर वर्षी एक पायरी आणखी खाली. डॉक्टरांनी पाहिलेलं, शिकायला येणाऱ्या पोरींनी पाहिलेलं, फाइली लावणाऱ्या माणसाने पाहिलेलं. ज्याचे कान होते त्याला तेवढं दाखवायचं राहिलं होतं. कान गेल्याचं दुःख मोठं होतंच, पण त्याला निदान करवतीचं नाव देता येत होतं. दुसऱ्या दुःखाला नाव द्यायला त्यांची जीभ रेटेना. परक्याने फसवलं तर माणूस भांडतो. हिने तर केसाने गळा कापला होता, तोही मायेने.

घरी येऊन त्यांनी चौकट उतरवली. भिंतीवर फिक्या रंगाचा एक चौकोन राहिला.

मग ते अकरा घरी गेले, पायी, एकेक करत. दारात उभं राहून सांगितलं, "चूक तुमच्या विजेची नव्हती, माझ्या कानाची होती. स्पीकर नीट करून देतो, सॉकेटही काढून नेतो." सॉकेट बहुतेकांनी राहू द्या म्हटलं, घट्ट होती, कामाला चांगली होती. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, मला तर आवाज आवडत होता. कानमास्तरांना त्यांच्या कानांची शंका आली, पण ते पुढच्या घराकडे निघाले.

पहिली जोडी त्यांनी दाताच्या डॉक्टरची उघडली. पेटीतल्या वरच्या लहान स्पीकरच्या वाटेवर बोटाएवढा एक रेझिस्टर असतो. पातळ आवाजांना लगाम घालायचं काम त्याचं. दोन वर्षांत आपण तो लगाम किती ढिला करत आणला होता, हे त्यांना जुन्या जोड्यांच्या नोंदी पाहिल्यावर कळलं. ऐकू येईना म्हणून आणखी सोड, अजून येईना म्हणून आणखी सोड. आता घट्ट करायचा, पण किती? आकड्याने साधारण कळतं, नेमकं कळतं ते कानाने. आणि कान नव्हते.

गुरुवारी दुपारी बायको खाली आली. चार दिवस दोघं कामापुरतं बोलत होती. तिने डबा ठेवला, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मी ऐकून सांगू का? माझे कान चांगले आहेत."

चांगले होतेच. जवळपास एवढे शिकलेले, शांत कान दुसरे नव्हते. कानमास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि तिला मनापासून मदत करायची होती, ह्यात तिळमात्र शंका नव्हती. त्यांनाही आतून वाटत होतं की हिला बसवावं खुर्चीत आणि संपवावं एकदाचं. कोणावर तरी विश्वास ठेवल्याशिवाय हे काम आता होणार नव्हतं.

"बस," ते म्हणाले.

ती त्यांच्या खुर्चीत बसली. त्यांनी गाणं लावलं, पेटी होती तशी, टोचणारी. तिचा चेहरा किंचित आवळला. "हो, टोचतंय," ती म्हणाली. "खूपच."

"थांब. बदलतो."

वायरमनचं प्लायवुड अजून भिंतीला टेकलेलं होतं. त्यांनी ते पेटीपुढे ओढलं आणि त्याच्यामागे गुडघ्यावर बसले. स्क्रूड्रायव्हर वाजवला. एक स्क्रू सोडवला, तोच परत आवळला. नवा रेझिस्टर त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. त्याला त्यांनी हात लावला नाही. मग प्लायवुड बाजूला करून तेच गाणं, त्याच आवाजात, पुन्हा लावलं.

"आता?"

बायकोने डोळे मिटले होते. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग डोळे उघडून ती हसली, चार दिवसांत पहिल्यांदा.

"छान झालंय," ती म्हणाली. "आता अजिबात टोचत नाही."

कानमास्तरांनी मान हलवली आणि तिला डबा वर न्यायला सांगितलं, आपण नंतर जेवू म्हणाले. तिची पावलं जिन्यावरून वर जाईपर्यंत ते थांबले. पावलं त्यांना नीट ऐकू आली. मग त्यांनी दाताच्या डॉक्टरला फोन लावला आणि विचारलं, रविवारी तासभर येऊन माझ्या स्पीकरला शिव्या द्याल का.